सव्वातीनशे स्क्वेअर फुटांचं न्यूयॉर्क

न्यूयॉर्कला जाऊन मी चाळ बघून आले. तीही तिकीट काढून!

परत आल्यापासून हे वाक्य मी किमान दहा जणांना ऐकवलंय आणि दहाही जणांचा चेहरा अगदी सारखा झालाय. "अगं, मग स्टॅच्यू ऑफ लिबर्टी?" बघितला बाबा. बोटीतून, लांबून, फोटोसकट. टाइम्स स्क्वेअर झाला, सेंट्रल पार्कातल्या बाकावर बसून कॉफी झाली, ब्रुकलिन ब्रिजवर वारा खाऊन केसांचा पार झाडू झाला. पण त्या दहा दिवसांतली जी दुपार अजून डोक्यातून जात नाहीये, ती ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या एका पाच मजली, विटांच्या, अंधाऱ्या इमारतीतली आहे.

तर झालं असं, की जर्सी सिटीत राहणारी माझी मैत्रीण त्या दिवशी ऑफिसात अडकली होती. "तू लोअर ईस्ट साइडला जा, मस्त बुटिक्स आहेत," म्हणाली. मी गेले. डिलान्सी स्ट्रीटच्या सबवे स्टेशनातून वर आले. वाईन बार, छोटी हॉटेलं, काचेच्या आड एकटाच लटकलेला एखादा ड्रेस, असा सगळा माहोल. एका टॉपची किंमत रुपयांत करून बघितली (ही चूक तुम्ही करू नका) आणि दुकानातून बाहेर पडले. समोर पाटी दिसली. टेनेमेंट म्युझियम. टूर वीस मिनिटांत सुरू होणार होती. तिकीट तीसेक डॉलर, म्हणजे त्या टॉपपेक्षा स्वस्तच. घेतलं.

टेनेमेंट म्हणजे भाड्याने द्यायला बांधलेली, बिऱ्हाडांनी गच्च भरलेली इमारत. आपल्या भाषेत चाळ. फक्त बाहेरची गॅलरी काढून टाका आणि जिना आत, मधोमध, अंधारात बसवा. ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट ही इमारत १८६३ साली बांधली लुकास ग्लॉकनर नावाच्या एका जर्मन शिंप्याने. एकेका मजल्यावर चार बिऱ्हाडं. १८६३ ते १९३५ या काळात या एका इमारतीत सुमारे सात हजार माणसं राहून गेली, वीसहून जास्त देशांतून आलेली. जर्मन, आयरिश, पोलंड-रशियाकडचे ज्यू, इटालियन.

१९३५ मध्ये आगीपासून सुरक्षिततेचे नियम कडक झाले. जिन्यापासून सगळं बदलायचं तर खर्च फार. मालकाने हिशेब केला आणि सोपा मार्ग निवडला. खालची दुकानं चालू ठेवली, वरचे भाडेकरू काढले आणि वरचे मजले बंद करून टाकले. (मालक कुठलाही असो, हिशेब सारखाच!) पुढची पन्नासहून जास्त वर्षं वर कुणी राहायला आलं नाही. १९८८ मध्ये रूथ एब्रम आणि अनिता जेकबसन या दोघी स्थलांतरितांच्या म्युझियमसाठी जागा शोधत होत्या. खालचं एक दुकान भाड्याने मिळतंय म्हणून बघायला गेल्या, तर मागे ही अख्खी इमारत, काळ थांबल्यासारखी. जुना पत्र्याचा सिलिंग, झिजलेला लाकडी कठडा, भिंतींवर वॉलपेपरचे थरावर थर.

त्यांनी ती चकाचक केली नाही, हे मला फार आवडलं. काही घरं त्या त्या कुटुंबाच्या काळात होती तशी पुन्हा उभी केलीत आणि काही जशी सापडली तशीच ठेवलीत. पोपडे उडालेली, फळ्या उघड्या पडलेली. गाइडशिवाय आत सोडत नाहीत, कारण आत गाइड नसेल तर दिसतील फक्त एक चूल, एक पलंग आणि चार भांडी. म्हणजे जे आपल्या प्रत्येकाच्या आजीकडे होतं ते.

आमच्या गाइडने पॅसेजमध्ये गेल्या गेल्या दिवा बंद केला. भर दुपारी मिट्ट काळोख. आम्ही पंधरा माणसं, एकमेकांच्या पायांवर पाय. "आता हातात पाण्याची बादली आहे आणि तुम्हाला चौथ्या मजल्यावर जायचंय, असं समजा," तो म्हणाला. सुरुवातीला इमारतीत नळ नव्हता. पाणी मागच्या अंगणातून आणायचं आणि संडासही तिथेच. १९०१ च्या कायद्याने मालकांवर सक्ती केली, तेव्हा कुठे १९०५ मध्ये आत संडास आले. मजल्याला दोन, चार बिऱ्हाडांत मिळून. त्याच कायद्यामुळे आतल्या खोल्यांना उजेड मिळावा म्हणून मधल्या भिंतींत खिडक्या पाडल्या. घरातल्या घरात खिडकी! एका खोलीचा उजेड दुसरीने उसना घ्यायचा.

एक घर म्हणजे तीन खोल्या. पुढची खोली, मधे स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली. बाहेर उघडणारी खिडकी फक्त पुढच्या खोलीला. सगळं मिळून सव्वातीनशे स्क्वेअर फूट. ग्रुपमधल्या एका बाईंनी हे ऐकून तोंडावर हात ठेवला. मी मात्र मनातल्या मनात भागाकार करत होते. लालबागची आमची खोली दहा बाय अठरा. एकशे ऐंशी. म्हणजे हे लोक आमच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जागेत राहत होते! आणि आज मुंबईत सव्वातीनशे फुटांना बिल्डर 'स्मार्ट होम' म्हणतो, ब्रोशरमध्ये हसरं जोडपं छापतो, हे त्या बाईंना कोण सांगणार?

एका घरात लिव्हाइन कुटुंब राहायचं. हॅरिस आणि जेनी, पोलंडहून आलेले. १८९० च्या दशकात त्यांची पुढची खोली म्हणजे शिवणकामाचा कारखाना. खिडकीशी मशीन, कारण उजेड तिथेच. त्याच खोलीत बसून कुणी टाके घालतंय, आणि स्वयंपाकघरातल्या ज्या शेगडीवर जेवण शिजतंय, तिच्यावरच इस्त्री तापतेय. मधे मुलं. १८९२ च्या सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या अहवालात या घराची नोंद आहे, तिथूनच हे सगळं कळलं. आपण दोन वर्षं डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून 'वर्क फ्रॉम होम'चं केवढं कौतुक आणि केवढी कुरकुर केली! जेनीबाईंना विचारायला हवं होतं.

या इमारतीत कपडा सगळीकडे आहे. मालक शिंपी. लिव्हाइनांकडे शिवण. १९१८ मध्ये इथे क्षयाने वारलेला अब्राहम रोगर्शेव्स्की कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करायचा. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, फॅनीने, इमारतीची झाडलोट आणि देखभाल करायचं काम पत्करलं, भाड्याच्या बदल्यात. शेजारच्या १०३ नंबरमध्ये २०१७ साली म्युझियमने आणखी तीन कुटुंबांची घरं उभी केली. हिटलरच्या छळातून वाचलेले ज्यू, पोर्तो रिकोतून आलेले आणि चिनी. त्यातल्या पोर्तो रिकोच्या आणि चिनी घरांतल्या आयाही कपड्यांच्याच कारखान्यात. देश बदलले, भाषा बदलल्या, सुई तीच.

आणि गंमत बघा. ही इमारत बांधली तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि आपल्या मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाने मुंबई फुगली, मागून गिरण्या वाढत गेल्या, आणि पुढे कधीतरी त्यातल्या एका गिरणीच्या साचाखात्यात खेडहून आलेले माझे आजोबा लागले. ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या त्या जिन्यात उभं राहून मला उगाचच नातेवाइकांकडे आल्यासारखं वाटायला लागलं.

पण मला खरं हलवलं ते नॅटली गंपर्ट्झने.

नॅटली जर्मन ज्यू. नवरा ज्युलियस बुटांच्या धंद्यात कारागीर. १८७३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. १८७४ च्या ऑक्टोबरातल्या एका सकाळी ज्युलियस कामाला म्हणून घराबाहेर पडला आणि परत आलाच नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. घरात तीन मुली आणि एक तान्हा मुलगा. तो मुलगाही थोड्याच महिन्यांत गेला. नॅटलीने शिवणयंत्र धरलं आणि लोकांचे कपडे शिवून मुली वाढवल्या. तिच्या पुढच्या खोलीत अजून कापड पसरलेलं आहे, आत्ता कुणीतरी मापाला येणार असल्यासारखं.

गाइडने आम्हाला विचारलं, "हे सगळं आम्हाला कसं कळलं असेल?" कुणी म्हणालं डायरी. कुणी म्हणालं पत्रं. उत्तर होतं, कोर्टाचे कागद. १८८३ मध्ये तिकडे ज्युलियसचे वडील वारले आणि मुलाच्या नावे सहाशे डॉलर ठेवून गेले. ते मिळवायचे तर ज्युलियस मेलाय असं कोर्टाने जाहीर करायला हवं. म्हणून नॅटली कोर्टात गेली. ओळखीच्या लोकांनी साक्षी दिल्या, की हो, तो गेला, तिने शोधलं, सापडला नाही. तिला पैसे मिळाले आणि ती मुलींना घेऊन शहराच्या वरच्या अंगाला, यॉर्कव्हिलला राहायला गेली. एवढीच गोष्ट. हे कागद कुठल्याशा कपाटात पडून राहिले म्हणून आज आम्ही पंधरा अनोळखी माणसं तिच्या शेगडीभोवती गप्प उभी होतो.

मला तिथे एकदम घाम फुटला. कारण मला एक वही आठवली.

लालबागची आमची खोली गेल्या वर्षी रीडेव्हलपमेंटला गेली. आजी २०१४ मध्ये गेल्यापासून बंदच होती. बाबांचे गुडघे दुखतात, आत्या बदलापूरला, म्हणून खोली रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. फ्रीलान्सरला वेळच वेळ असतो, असा घरोघरी समज आहे! एका शनिवारी गेले. सहा तासांत उरकलं. पितळी भांडी आत्याला, पलंग वॉचमनला, बाकी भंगार आणि रद्दी. फळीवर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली एक लांबोडी, लाल पुठ्ठ्याची वही होती. तेलकट. दोन पानं चाळली. नावं, आकडे, कुठे काट मारलेली. मागे धूळ, पुढे रद्दीवाला, खाली लावलेली टॅक्सी. दिली टाकून.

आजी खाणावळ चालवायची. तीही त्याच एकशे ऐंशी फुटांत. गावाकडची, एकटी राहणारी गिरणीतली माणसं तिच्याकडे जेवायची. पाळी सुटली की एक पंगत, दुसरी पाळी सुटली की दुसरी. सगळे तिला वयनी म्हणायचे. ती वही म्हणजे त्यांचा हिशेब. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि तरी वही हातात असताना सुचलं नाही. आम्हाला नव्या इमारतीत किती कार्पेट एरिया मिळणार, हे मला दशांश चिन्हासकट पाठ होतं.

टूर पुढे सरकली. शेवटचं घर बाल्डिझी कुटुंबाचं. सिसिलीहून आलेले. इमिग्रेशनचे कायदे कडक झाले त्या १९२० च्या दशकात, रीतसर कागदपत्रांशिवाय शिरलेले. आमच्या ग्रुपमध्ये इथे जरा चुळबुळ झाली. कोण खोकलं, कोणी फोन बघितला. मला मैत्रिणीची आठवण झाली. नवी नोकरी घेताना तिचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो, व्हिसाचा असतो.

या घरात आवाज ऐकवतात. बाल्डिझींची मुलगी जोसेफिन म्हातारपणी म्युझियमला भेटली आणि तिने आठवणी सांगितल्या. कडक मंदीचा काळ. बाप सुतारकाम करणारा, हत्यारांची पेटी घेऊन काम शोधत फिरायचा. आई इतकी स्वच्छतेची भोक्ती, की घासूनपुसून घर लख्ख. रेडिओवर इटालियन श्रुतिका लागली की ती रडायची. आणि शुक्रवारी संध्याकाळी समोरच्या घरातून फॅनीबाईंची खूण यायची. धार्मिक ज्यू माणसं शनिवारच्या पवित्र दिवशी दिवा लावत नाहीत आणि तो दिवस शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो. मग ही छोटी कॅथलिक मुलगी जाऊन त्यांचा दिवा लावून यायची. एवढं साधं काम. पण ती सांगते तेव्हा त्या आवाजात अजून रुबाब आहे!

बाहेर पडताना गाइडने सांगितलं, की २०२३ च्या अखेरीस म्युझियमने आणखी एक घर उघडलं. या इमारतीत कधीच न राहिलेल्या कुटुंबाचं. इथे १८६९ मध्ये जोसेफ मूर नावाचा आयरिश माणूस राहायचा. त्याला शहराच्या जुन्या नोंदवहीत शोधताना त्याच्या शेजारच्याच ओळीत दुसरा जोसेफ मूर सापडला. कृष्णवर्णीय. नावापुढे तसा शेराही मारलेला. त्याचं घर दुसऱ्या गल्लीत होतं आणि आज ते उरलेलं नाही. मग त्याचं आणि त्याच्या बायकोचं, रेचलचं घर इथे, अंदाजाने आणि अभ्यासाने, पुन्हा उभं केलं. एका ओळीवरून!

मी रस्त्यावर आले. न्यूयॉर्कला दुपारचे चार, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. आत्याला फोन करायचा फार मोह झाला, पण तेवढी अक्कल होती. मुंबईला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी बदलापूर गाठलं.

आधी कबुली दिली. आत्या काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं गं. तुम्ही सगळं उरकायच्या घाईत." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मी तिला म्युझियमचं सांगितलं. तिला पहिलाच प्रश्न पडला, "संडास कुठे होते त्यांचे?" मी सांगितलं, आधी अंगणात, मग मजल्याला दोन. "म्हणजे आपल्यासारखंच," ती म्हणाली. "रांगा असतील मग." मग जेनीचा कारखाना ऐकून म्हणाली, की वैशाखात खाणावळीच्या त्या खोलीत शेगडी पेटलेली असताना अभ्यास करून बघ म्हणजे कळेल. तिने दहावीचा अभ्यास खाली देवळाच्या पायरीवर केला.

संपाचं मी विचारलं. १८ जानेवारी १९८२. आत्या तेव्हा वीस वर्षांची. पहिले दोन महिने, ती सांगते, कुणी काळजीच केली नाही. आजीने हिशेब वहीत चढवत ठेवला. मग मासे बंद झाले. मग डाळ पातळ झाली. पावसाळ्यात एकेक जण गावाला जायला लागला. "आलो की देतो वयनी" म्हणून. बरेचसे आलेच नाहीत. आजोबांची गिरणीही त्यांना परत कधी मिळाली नाही. "आई मात्र वही काढून बसायची कधीकधी," आत्या म्हणाली. "पैशांसाठी नाही. पैसे कुठे येणार होते? नुसती वाचायची."

ती वही मी रद्दीत किलोच्या भावाने घातली.

आत्याच्या हाताखाली एक कोरी वही सरकवली, पेन दिलं. नको म्हणाली, "माझं अक्षर वाईट, तूच लिही, मी सांगते." फोनवर रेकॉर्डिंग लावलं. एका वेळी बारा माणसं जेवायला असायची. तिला सात आठवली. नाव नसलं तर गाव, गाव नसलं तर गिरणी. एक जण ढोलकी वाजवायचा. एकाच्या मुलीच्या लग्नाला आजी दापोलीला गेली होती. मी लिहीत गेले. मधे चहा झाला, बाहेर अंधार पडला, माझी फास्ट लोकल चुकली.

मी वही मिटायला घेतली, तर आत्याने हात धरला.

"थांब. अजून एक होता. रात्रपाळीचा. नाव नाही आठवत. पण त्याला तिखट चालायचं नाही, आई त्याची आमटी वेगळी काढायची. हे लिही."

लिहिलं.